माटोळीची चुरस आणि सहा शेवटांचा हट्ट

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूचे चार विद्यार्थी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांच्या निसर्ग मंडळात चतुर्थीच्या आधी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची, रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधायची स्पर्धा होते आणि मंडळाचेच दोन गट महिनाभर एकमेकांना पाण्यात पाहतात. त्यावर त्यांना हलकीफुलकी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं बघत, संवाद वाचत आणि मधे पर्याय निवडत पुढे न्यायचा खेळ, करायची आहे. नऊ पात्रं, सहा शेवट, चाळीस पानांची संहिता तयार आहे, पण वाचताना कुणी हसत नाही, नुसतं भांडण वाटतं. मराठीत लिहावं की कोकणीत, साधन कोणतं घ्यावं आणि तीन महिन्यांवर आलेल्या चतुर्थीपर्यंत होईल का, हेही विचारलं आहे.

संहिता दोनदा वाचली. विषय झकास आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बराच वेळ मी कुरकुरणार आहे.

पहिल्याच पानावर तुमची हर्षा म्हणते, "तुमची माटोळी म्हणजे कचरा! या वर्षी तुम्हाला धूळ चारल्याशिवाय राहणार नाही!" आता हेच वाक्य पंचायतीच्या निवडणुकीत टाका, क्रिकेटच्या मैदानावर टाका, भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, वाटणीत टाका. कुठेही बसतं. म्हणजे ते तुमचं नाही. चाळीस पानांत मी फळांची नावं मोजली, पाच निघाली, आणि त्यांतली दोन म्हणजे नारळ आणि केळी. माटोळीवरच्या खेळात कांगलां नाहीत, आंबाडे नाहीत, तोरंजन नाही, सुपारीचं शिपटं नाही. फक्त राग आहे. राग सगळ्यांचा सारखाच दिसतो, म्हणून त्याचं हसू येत नाही. दोन शहाणी माणसं एका फळाच्या देठावरून हमरीतुमरीवर आली, की हसू येतं. कारण तो देठ जगात फक्त त्या दोघांनाच महत्त्वाचा वाटतो, आणि दोघांनाही तो तितकाच कळतो.

ही गोष्ट मी स्वतः उशिरा शिकलो. माझा पहिला खेळ कॉलेजच्या छायाचित्र मंडळावर होता. त्यात कॅमेऱ्याचं छिद्र, उजेड, लेन्स यांतलं काहीच नव्हतं, नुसते टोमणे होते. तो पूर्ण झाला नाही. सात शेवट ठरवले होते, दोन लिहून झाले आणि चित्रं काढणाऱ्या मित्राने फोन उचलणं बंद केलं. त्यात त्याची चूक नव्हती.

तर तुमचा बाजाराचा प्रसंग मी पुन्हा लिहून बघितला. स्पर्धेच्या आदल्या दिवसाचा माटोळीचा बाजार, पाऊस भुरभुरतोय, विकणारीच्या टोपलीत एकच कवंडळ उरलंय. दिसायला लालबुंद, पण तोंडात घालायची सोय नाही. तन्वी आणि समोरच्या गटातली हर्षा, दोघींचे हात एकदमच त्यावर.

हर्षा : हें म्हजें.
तन्वी : व्हर. पूण देंठ पळय पयलीं.
(हर्षा फळ उलटं करते. देठ नाहीच.)
हर्षा : मावशे, देंठ खंय गेलो?
मावशी : देंठूय खातल्यो गो तुमी?
तन्वी : देंठ ना जाल्यार बांदतलें कशें?

एवढंच. कुणी कुणाला धूळ चारली नाही. पण ज्याने कधी माटोळी बांधली आहे त्याला कळेल की बिनदेठाचं फळ चौकटीला टांगायचं म्हणजे काय कटकट असते, आणि ज्याने बांधलेली नाही त्याला ते या पाच ओळींत कळतं. हर्षाने तर पैसेही मोजून ठेवले आहेत. मावशी परत घेणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे.

आता इथे खेळणाऱ्याला पर्याय द्यायचा. तुमच्या संहितेत या जागी "हर्षाकडून फळ हिसकाव" आणि "सोडून दे" असे दोन आहेत. म्हणजे जिंकायचं की हरायचं. हलक्याफुलक्या चुरशीत हा प्रश्न मुळात विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे. जिंकू की हरू असं विचारलं की खेळणारा जिंकायचंच बटण दाबतो, त्यात विचार करायला काही उरत नाही. विचारायचं ते असं: समोरच्याची फजिती तुला दिसली, आता तू काय करशील? तन्वीला तिच्या आजीने बिनदेठाच्या फळाभोवती दोऱ्याची छोटी जाळी विणून ते टांगायला शिकवलं आहे. हर्षाला ते येत नाही. मग पर्याय तीन: हसून पुढे चालू लागणं; जाळी कशी विणायची ते तिथेच पावसात उभं राहून दाखवणं; किंवा "तुला काय उपयोग, मला दे अर्ध्या पैशांत" म्हणणं. तिसऱ्यावर मी स्वतः हमखास बोट ठेवेन. तिन्हींमुळे स्पर्धेचा निकाल बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की पुढे हॉलमध्ये तन्वीच्या चौकटीची गाठ सुटते तेव्हा हर्षा धावत येते, सावकाश येते, की खुर्चीवर बसून शेंगदाणे खात बघत राहते.

आणि एकदा तरी हर्षाचंच खरं ठरू द्या. आता ती फक्त आडवं बोलते आणि प्रत्येक वेळी चुकते. असा प्रतिस्पर्धी दोन प्रसंगांत कंटाळवाणा होतो. तिने तन्वीला सांगावं की तुझे सगळे असोले नारळ एकाच बाजूला आलेत, चौकट कलणार. तन्वीने ऐकू नये. चौकट कलावी. मग हर्षाने "मी सांगितलं होतं" हे वाक्य म्हणू नये, नुसतं त्या चौकटीइतकंच डोकं कलवून उभं राहावं. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये हा विनोद चित्रावर होतो, त्याला एक शब्दही लागत नाही. चित्रकाराला एवढंच सांगायचं: मान वीस अंश डावीकडे.

सहा शेवटांचं गणित एकदा करून बघा. सहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येकाची वाट वेगळी ठेवली, तर ६४ वाटा होतात. दहा ठिकाणी दिले तर १०२४. तेवढं कुणी लिहीत नाही आणि कुणी वाचतही नाही. म्हणून या धंद्यात वाटा फुटतात आणि थोड्या पुढे जाऊन पुन्हा एकत्र येतात. वेगळेपण लक्षात राहतं ते खेळ मागच्या मागे मोजत असलेल्या आकड्यांत. तुम्ही सात आकडे ठेवलेत: मैत्री, राग, अभिमान, आणखी कायकाय. दोन पुरेत. एक हर्षाच्या मनातली तन्वीची किंमत, दुसरा तन्वीच्या गटाची तिच्यावरची नाराजी. दोन्ही पडद्यावर दाखवू नका. आकडा दिसला की माणूस प्रसंग वाचणं सोडून हिशेब करत बसतो.

शेवट दोनच ठेवा, आणि निकाल दोन्हींत एकच: हर्षाचा गट जिंकतो. तुमच्यातल्या तिघांना हे पटणार नाही, मला माहीत आहे. पण तुमच्या संहितेत एक प्रसंग कुठेच नाही, आणि तो सगळ्यांत चांगला आहे. स्पर्धा संपल्यावर माटोळी उतरवावी लागते. बक्षीस वाटून पाहुणे गेले, हॉलमध्ये दिवे अर्धे विझले, दोन माणसं बाकावर चढून गाठी सोडतायत. एका शेवटात त्या दोन मुली, दुसऱ्यात तन्वी एकटी आणि खाली बाक धरायला वॉचमन. खेळ तिथेच संपवा. ट्रॉफीचं चित्र काढायचं वाचेल ते वेगळंच.

आता एक कुरकुर जपानी सवयीची. हा प्रकार आपल्याकडे जपानमधून आला, आणि तिथल्या शाळा-कॉलेजांत तास सुटल्यानंतरचं मंडळ म्हणजे स्वतंत्र खोली, स्वतःचा अध्यक्ष, वार्षिक संस्कृती महोत्सव. तुमच्या संहितेत विद्यार्थी परिषद "सदस्य पाच झाले नाहीत तर मंडळ बंद" अशी धमकी देते. गोव्यातल्या कुठल्या कॉलेजात हे घडतं, सांगा बरं! आपल्याकडे मंडळाला खोलीच नसते. प्रयोगशाळेच्या मागच्या पॅसेजमध्ये एक कपाट असतं, त्याची किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे असते. मंडळ बंद होत नाही, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, फायलीत त्याचा फोटो लागतो. आणि पोरं मंडळात येतात ती निसर्गासाठी नाही, हजेरीसाठी. ७५ टक्क्यांची टांगती तलवार आणि स्पर्धेच्या दिवशी मिळणारी ओडी (ऑन ड्युटी, म्हणजे वर्गात नसूनही हजेरी), या दोन गोष्टींवर अख्खं कथानक उभं राहील. दोन्ही गट ज्या ओडीच्या कागदावर सही घ्यायला स्टाफरूमबाहेर ताटकळतात, तिथे त्यांना एकमेकांशी गोड बोलावं लागतं. तो प्रसंग लिहा. परिषद काढून टाका.

भाषेबद्दल. हा प्रश्न गोव्यात कुणी सहज विचारत नाही, आणि उत्तर दिलं की दोन्हीकडून बोलणी बसतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली. घराघरांत मात्र लोक दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरत आले आहेत. तुम्ही चौघं माझ्याशी फोनवर बोललात ते कोकणीत, आणि प्रश्न लिहून पाठवलात तो मराठीत. तसंच ठेवा. निवेदन मराठीत, बोलणं कोकणीमिश्रित. फक्त मिसळण्याला एक नेम लावा, नाहीतर खिचडी होते. मी असा लावेन: हर्षा चिडली की कोकणी सोडते. एरवी "कितें गो, येना मरे" म्हणणारी मुलगी अचानक "आपण याबाबत नंतर बोलू" म्हणाली, की तिच्या गटातले दोघं मागच्या मागे सटकतात. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा खेळणाऱ्याला कळत नाही. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून नुसतं "आपण" आलं तरी पुरतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कोकणी कळेल का, याची चिंता करू नका. देठाचा प्रसंग कळला नाही असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

साधन: रेनपाय घ्या, व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचंच सॉफ्टवेअर आहे, दुसरं शोधत बसू नका. टॉम रोथामेल यांनी २००४ पासून ते वाढवत आणलं आहे, फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे. नाव 'रेनाई' म्हणजे प्रेम हा जपानी शब्द आणि पायथॉन यांच्या जोडीतून आलंय. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि ब्राउझर, सगळीकडे खेळ बाहेर काढता येतो. तुमच्यापैकी एकालाच थोडं पायथॉन येतं म्हणालात. पुरे. लेबल, जंप, मेनू आणि इफ एवढ्या चार शब्दांत तुमच्या खेळाच्या सगळ्या वाटा उभ्या राहतील.

एका चुकीपासून मात्र सांभाळा. खेळात बदलणारा आकडा 'डिफॉल्ट'ने जाहीर करायचा, 'डिफाइन'ने नाही. 'डिफाइन' ही न बदलणाऱ्या गोष्टींसाठी असते, तिने जाहीर केलेला आकडा सेव्ह फाइलमध्ये धरला जाईल याची खात्री नसते. मी हे एकदा उलटं केलं. खेळ माझ्याकडे नीट चालायचा, कारण मी एका बैठकीत संपवायचो. दुसऱ्या मुलीने रात्री सेव्ह केला, सकाळी उघडला, तर तिने कमावलेली सगळी मैत्री शून्यावर. तिला वाटलं हाच विनोद आहे. मी दोन दिवस चूक शोधत होतो.

दुसरं म्हणजे, रेनपायमध्ये माउसचं चाक फिरवलं की खेळ मागे जातो आणि पर्याय पुन्हा निवडता येतो. ते बंद करण्याची इच्छा होईल, करू नका. गंभीर खेळात ठीक, पण इथे माणसाला तिन्ही टोमणे वाचायचे असतात. तो मागे जाणार हे धरूनच लिहा.

देवनागरीचा त्रास मात्र खरा आहे, यावर जरा वेळ घालवा. रेनपायच्या ८.१ आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी हार्फबझ नावाची प्रणाली आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरं फुटायची. तेव्हा यूट्यूबवरचा जुना धडा बघून जुनी आवृत्ती उतरवू नका. सोबत येणाऱ्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून पहिल्यांदा नुसत्या चौकटी दिसतील. घाबरू नका, फाँट बदला. मुक्ता चांगला, नोटो चालतो, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवेत तर तिरो देवनागरी मराठी बघा, पण तो छापील पुस्तकासारखा दिसतो. टोमण्यांना मला मुक्ता बरा वाटतो. फाँट पारखायला एक शब्द देतो: घागऱ्या. माटोळीतल्या त्या शेंगा, सुकल्या की आत बिया खुळखुळतात. त्यातला अर्धा र नीट दिसला तर बहुतेक सगळं नीट दिसेल. तो शब्द मोठ्या अक्षरांत, लहान अक्षरांत आणि फोनच्या पडद्यावर, असा तिन्ही ठिकाणी बघा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात.

संवाद पडद्याच्या तळाच्या पट्टीतच ठेवा. अख्खा पडदा मजकुराने भरायचीही पद्धत आहे, पण ती आठवणींना, पत्रांना शोभते. विनोदात वेळ साधायची असते आणि इथे ती क्लिकवर साधली जाते. हसवणारा शब्द पट्टीच्या अगदी शेवटी यायला हवा. त्याच्या मागे "असं ती हसत म्हणाली" लावलं की गेला. एका पट्टीत दोन ओळी, फार तर तीन. तुमच्याकडे सात ओळींच्या पट्ट्या आहेत. त्या मधोमध कापल्या तरी अर्धं काम होईल.

चित्रांचं थोडक्यात. नऊ पात्रांची चार करा: तन्वी, हर्षा, प्रत्येकीच्या गटातलं एकेक. सर आणि मावशी नुसत्या आवाजाने चालतील. मावशीचे तर फक्त हात दाखवा, टोपलीवरचे. प्रत्येकाचे पाच चेहरे, आणि चेहरा वेगळ्या थरावर काढा म्हणजे अंग पुन्हा काढावं लागत नाही. पार्श्वभूमी पाच: पॅसेज, हॉल, बाजार, कदंब या सरकारी बसचा स्टॉप, आजीची पडवी. पावसाळी संध्याकाळ वेगळी काढू नका, रेनपायमध्ये त्याच चित्राचा रंग उतरवता येतो. एका गोष्टीवर मात्र मेहनत घ्या. खेळाच्या मुख्य पडद्यावर रिकामी चौकट ठेवा आणि खेळणारा पुढे सरकेल तशी ती भरत न्या. बाजाराचा प्रसंग झाला की कवंडळ, तेही जाळीत की लोंबतं ते त्याने काय निवडलं त्यावर. मी बघितलेल्या कुठल्याही प्रगतीच्या पट्टीपेक्षा हे छान दिसेल, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सुचणारही नाही.

आवाज स्वतः रेकॉर्ड करा. पत्र्यावरचा पाऊस, घागऱ्यांचा खुळखुळाट, बाजाराची गलबल. आरतीची कुणाची तरी ध्वनिफीत उचलून लावू नका. घरी घुमट, म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य, असेल तर कुणाला तरी वाजवायला सांगा. पावसाळ्यात कातडं सैल पडतं आणि घुमट शेकल्याशिवाय बोलत नाही, तेवढं बघा.

एक प्रसंग कापा असं मात्र स्पष्ट सांगतो. बारावा, जिथे हर्षाचा गट तन्वीच्या गटाला फळं मिळू नयेत म्हणून रानातली अख्खी वेल तोडतो. तुम्हाला ती खोडी वाटली. निसर्ग मंडळाच्या पोरांनी ते केलं तर मी हसणार नाही, आणि तुमच्या सरांनाही हसू येणार नाही. माटोळीसाठी रान ओरबाडलं जातं ही तक्रार आपल्याकडे आहेच. त्याऐवजी हर्षाने तन्वीच्या फळांच्या नावांच्या चिठ्ठ्या आपसात बदलाव्यात, आणि परीक्षकांनी "हें कितें?" विचारल्यावर तन्वीने चिठ्ठीकडे न बघता सगळी नावं घडाघडा सांगावीत. खोडी हर्षाच्याच अंगावर उलटते आणि झाडाचं पानही हलत नाही.

राहिला चतुर्थीचा प्रश्न. चाळीस पानांचा होणार नाही. मी सांगितल्याप्रमाणे कापून आठ हजार शब्दांवर आणलात, तर पाऊण-एक तासाचा खेळ होतो आणि तीन महिन्यांत चौघांना तो जमेल, परीक्षा धरून. शब्द मोजायला रेनपायमध्येच लिंट नावाची सोय आहे. न सापडलेली चित्रंही ती दाखवते, दर शनिवारी चालवा. पण आधी फक्त बाजाराचा प्रसंग पूर्ण करा: पाच ओळी, तीन पर्याय, दोन मुली, एक टोपली, चित्रं कच्ची चालतील. तो पंधरा दिवसांत ब्राउझरवर चालू झाला पाहिजे. मग फोन घेऊन तन्वीच्या आजीकडे, म्हणजे तुमच्यातल्या ज्या कुणाची ती आजी आहे, तिच्याकडे जा. काही समजावून सांगू नका. देठाच्या ओळीवर ती काय म्हणते ते लिहून घ्या आणि मला पाठवा.